तुमची मांजर पाणी कुठून पिते?

धुऱ्यावरची बोर · १२ मे, रात्री ९.४०

आमच्या गवरीबद्दल विचारायचं आहे. तीन रंगांची, साडेचार वर्षांची, घरातच जन्मलेली. दारव्हा तालुक्यात राहतो, घर कवेलूचं, ओसरीत मोठा रांजण. मी तिच्यासाठी स्टीलची वाटी ठेवते, रोज घासून ताजं पाणी भरते. साडेचार वर्षांत तिनं त्या वाटीला तोंड लावलेलं मी पाहिलं नाही.

ती पिते रांजणाच्या अंगावरून. रांजण पाझरतो, त्याच्या पोटाला बाहेरून ओल सुटते. तिथं मागच्या पायांवर उभी राहते, पुढचे दोन्ही पंजे रांजणाला टेकवते आणि चाटते. जीभ फिरली की तेवढा पट्टा फिका पडतो, मिनिटभरात पुन्हा काळसर होतो. मग तोच पट्टा पुन्हा. असं दहा-दहा मिनिटं चालतं.

पारा ४५ च्या वर गेला आहे. २५ तारखेला नवतपा लागेल, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. नुसत्या चाटण्यानं हिची तहान भागत असेल का? सासूबाई म्हणतात, "मांजरीले पाणी लागतच नाही." मला ते पटत नाही. तुमच्या मांजरी कुठून पितात, किती पितात, सांगा ना.

वावरवाला · १२ मे, रात्री १०.०५

ताई, आमचा बोका मन्या घरचं पाणी पेतच नाही. कोठ्यापुढं ढोराचं टाकं आहे, तिथंच जाते. अन् तेबी बैलं पिऊन गेल्यावर. बैलानं तोंड काढलं की पाणी हालते, त्या हालत्या पाण्यावर हा वाकते. पाणी शांत असलं तर पहिले पंजानं टपली मारते, मंग पेते. काऊन असं करते, कोणी सांगा बाप्पा.

तुरीचं वरण · १२ मे, रात्री १०.११

आमची ठमी न्हाणीतल्या घंगाळात. आंघोळीचं पाणी काढलं की पहिला मान तिचा. मग घंगाळ पुन्हा भरायचं. घरात कोणी कुरकुर करत नाही.

पूर्णाकाठ · १३ मे, सकाळी ६.५०

आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या गावागावांत जमिनीखालचं पाणी खारट. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कपड्याला साबणाचा फेस येत नाही. दाराशी नळाचं पाणी येतं ते चार दिवसांआड, ते फक्त पिण्याला.

आमच्या काळूला हे दोन पाणी न चाखता कळतात. बोअरच्या बादलीजवळ जाऊन नाक खाली नेतो, मिशा पुढे येतात, तसाच वळतो. नळाच्या गुंडाजवळ मात्र झाकणीवर बसून राहतो. परवा नळाचं पाणी संपलं होतं, आईनं बोअरचं वाटीत दिलं. दिवसभर प्यायला नाही. संध्याकाळी शेजारून तांब्याभर गोडं पाणी मागून आणलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पाहुणे आले का?" आई म्हणाली, "हो, घरातलेच."

धुऱ्यावरची बोर · १३ मे, सकाळी ७.३०

पूर्णाकाठ, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

कासरा · १३ मे, दुपारी १.२०

पशुसंवर्धन खात्यात एकतीस वर्षं नोकरी झाली, आता निवृत्त आहे. आयुष्य गाई-म्हशीत गेलं, पण घरी कायम मांजरी.

धुऱ्यावरच्या बोरताई, तुमच्या सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपल्या घरातल्या मांजरीचा मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. कोरड्या, वाळवंटी मुलखातलं जनावर. शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर दिवस काढणारं. उंदराच्या शरीरात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असतं. मांजरीचे मूत्रपिंड लघवी फार घट्ट करू शकतात, म्हणजे कमी पाण्यात काम भागवतात. म्हणून तिला तहानेची जाणीव कुत्र्यापेक्षा उशिरा होते.

पण उरलेलं अर्धं असं की पाणी लागतंच. किलोमागे दिवसाला साधारण ५० मिलिलिटर धरा, त्यात अन्नातलं पाणीही आलं. तीन किलोच्या मांजरीला दीडशे, म्हणजे चहाचे दोन लहान कप. ती उंदीर मारत असेल, दूध-भाकर खात असेल तर त्यातून बरंच जातं. पाकिटातलं कोरडं खाणं देत असाल तर त्यात पाणी जेमतेम दहा टक्के, मग सगळी भिस्त भांड्यावर. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्तच लागणार.

वावरवाला भाऊ, मन्याचा प्रश्न: मांजरीला अगदी नाकाजवळचं नीट दिसत नाही. वीतभर अंतराच्या आत नजर पुसट होते. शांत पाण्याचा वरचा पृष्ठभाग तिला ओळखू येत नाही. हलवलं की चमकतं, कुठवर आहे ते कळतं. टपली त्यासाठी.

वावरवाला · १३ मे, दुपारी १.४५

काकाजी, दहा वर्षापासून मी त्याले खोडकर म्हणून राह्यलो होतो. आज समजलं. संध्याकाळी त्याची माफी मागतो.

जुनी बंडी · १३ मे, दुपारी ४.१०

मी सत्तरीचा माणूस. आमच्या वाड्यात कधी मांजरीसाठी पाण्याचं भांडं ठेवलं नाही. सकाळी धार काढली की बशीभर दूध, बस. मांजरी धडधाकट राहिल्या, पिल्लं झाली, उंदीर मारले. आता एवढा विचार कशाला करायचा ते मला कळत नाही.

कासरा · १३ मे, सायंकाळी ६.००

बंडीभाऊ, तुमच्या वाड्यात न्हाणी होती, ढोराचं टाकं होतं, विहिरीजवळ डबकं होतं. मांजरी पाणी पीत होत्या, तुमच्यासमोर पीत नव्हत्या एवढंच.

दुधाबद्दल: पिल्लू मोठं झालं की बहुतेक मांजरींची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते. काहींना चालतं, काहींना हगवण लागते. हगवण लागली की होतं तेही पाणी अंगातून जातं. ज्यांना पचतं त्यांना थोडं द्या. पण पाण्याच्या बदल्यात दूध नको.

जुनी बंडी · १३ मे, रात्री ८.३०

विहिरीच्या डबक्याची आठवण बरोबर काढली तुम्ही. धाकटी बहीण तिथंच मांजर शोधायला जायची. मागे घेतो.

मोहफूल · १४ मे, सकाळी ९.१५

आमच्याकडे कूलर. गडचिरोलीकडची गरमी घामट, तरी कूलर लागतोच. सोनी कूलरच्या मागे जाऊन वाळ्याच्या ताटीतून ठिबकणारे थेंब जिभेवर झेलते. वाळ्याचा वास लागलेलं पाणी तिला इतकं आवडतं की दुपारी पंप बंद केला की येऊन ओरडते.

संत्राबाग · १४ मे, सकाळी ९.४०

मोहफूल ताई, कृपा करून आजच तिला तिथून उठवा. पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरतो. आमच्या वरुडकडे दर उन्हाळ्यात अशा घटना ऐकतो, माणसंही जातात. ओली जमीन, ओले पंजे, पत्रा, याहून धोक्याचं काही नाही. अर्थिंग तपासून घ्या, टाकीत पाणी भरताना पिन काढा, आणि वाळ्याची एक जुडी साध्या माठात टाकून ते पाणी सोनीला ठेवा. वास तोच मिळेल.

मोहफूल · १४ मे, रात्री ९.०५

वायरमन भाऊंना बोलावलं. अर्थिंगची वायर तुटलेलीच होती. हात थरथरले माझे. घरात दोन लहान मुलं आहेत, तीही त्याच कूलरपुढे झोपतात. संत्राबाग दादा, तुमचे उपकार कसे मानू. वाळा टाकलेलं पाणी सोनीनं संध्याकाळी प्यायलं.

खडू-फळा · १५ मे, सकाळी ८.२०

शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या वर्षी मुलांबरोबर आमच्या शाळेतल्या मांजरीचं पाणी पिणं मोबाईलवर मंदगतीत टिपलं होतं. मुलांना आधी विचारलं, जीभ कशी वळते? सगळ्यांनी हाताचा चमचा करून दाखवला, वर वळलेला. व्हिडिओत उलटंच निघालं. जिभेचं टोक खाली आणि मागे वळतं, इंग्रजी जे सारखं. ते पाण्यात बुडत नाही, वरच्यावर टेकतं आणि झटक्यात वर जातं. त्याला चिकटून पाण्याची बारीक धार खालून वर उठते, दोऱ्यासारखी. ती तुटून खाली पडायच्या आत मांजर तोंड मिटते. मिटलेल्या तोंडात राहिलं ते तिचं.

या झटक्याचं गणित २०१० साली सायन्स या नियतकालिकात आलं होतं. पेद्रो रेइस, रोमन स्टॉकर आणि त्यांचे सहकारी. सुरुवात स्टॉकर यांच्या घरच्या मांजराच्या नाश्त्यापासून झाली, त्याचं नाव कट्टा कट्टा. वर उठणाऱ्या पाण्याचा वेग आणि खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण यांचा तोल जिथं साधतो, नेमकं तिथं मांजर तोंड मिटते. सेकंदाला जवळपास चार वेळा, दर वेळी ०.१ मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे ५० मिलिलिटर प्यायला दोन मिनिटं वाकून राहावं लागतं. ती अर्ध्यात उठून गेली तर पोटात फार गेलेलं नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

गवरीच्या चाटण्याबद्दल: रांजण चाटताना टोक नाही, जिभेचा खरखरीत भाग कामी येतो. त्यावरचे काटे टोकाला पन्हळीसारखे पोकळ असतात, २०१८ च्या एका अभ्यासात ते दाखवलं आहे. अंग चाटताना त्या पन्हळीतून लाळ केसांच्या मुळाशी जाते. ओल्या मातीवरचं पाणी त्यात थोडंफार येत असणार, पण पोटभर येईल असं मला वाटत नाही.

तुरीचं वरण · १५ मे, सकाळी ८.३५

सर, मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. पाणी पिताना मिटते का?

खडू-फळा · १५ मे, सकाळी ८.५०

आमच्या व्हिडिओत पाण्याला डोळे उघडे. कान मात्र दोन्ही वेगवेगळ्या दिशेला फिरत होते, पोरांना ते सगळ्यात जास्त आवडलं. दुधाला डोळे बारीक झाले होते, पूर्ण मिटले नव्हते.

वावरवाला · १५ मे, सकाळी ९.००

सर, मंग वाघबी असाच पेते का? आमचा पोरगा विचारून राह्यला. ताडोब्याला जाऊन आला तवापासून त्याच्या डोक्यात वाघच आहे.

खडू-फळा · १५ मे, सकाळी ९.१२

होय, वाघ-सिंहाची रीत तीच. जीभ मोठी, म्हणून वेग कमी. मुलाला सांगा, पुढच्या वेळी पाणवठ्यावर वाघ दिसला तर एका सेकंदात किती चाटी होतात ते मोज. मन्याच्या मोज आणि वाघाच्या मोज.

निंबाची सावली · १६ मे, रात्री ११.३०

दोन दिवस हा धागा वाचते आहे, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

आमची बुटी गेल्या भादव्यात गेली. पऱ्हाटीवर फवारणी चालू होती. औषध कालवलेला ड्रम रिकामा झाला, गड्यानं धुतला, धुतलेलं पाणी तळाशी बोटभर राहिलं आणि ड्रम आडवा करून कोठ्याच्या भिंतीला लावला. बुटीला आडव्या भांड्यातलं पाणी आवडायचं. संध्याकाळी लाळ गाळत आली, पाय लटपटत होते. तालुक्याला पोचायच्या आत संपली, माझ्या ओच्यात.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं शेतकरी, मजूर गेले. तेव्हापासून माणसांसाठी आम्ही हातमोजे, तोंडाला फडकं सगळं करतो. ड्रमचं पाणी डोक्यातच आलं नाही. फवारणीचं भांडं पालथं ठेवा, आडवं नको. एवढंच सांगायचं होतं.

धुऱ्यावरची बोर · १७ मे, सकाळी ६.१५

ताई, सकाळी उठून आधी आमच्या कोठ्यामागे गेले. दोन डबे आडवे होते. पालथे केले. बुटीमुळे केले.

कासरा · १७ मे, सकाळी ७.४०

निंबाची सावली, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कुणावर अशी वेळ आली तर उलटी करवायच्या, मीठ-पाणी पाजायच्या भानगडीत पडू नका. औषधाच्या डब्यावरचं लेबल घेऊन सरळ डॉक्टर गाठा, कुठलं औषध ते कळलं तर उपाय लवकर होतो.

संत्राबाग · १८ मे, रात्री ९.५०

आता माझं. आमचा बोका राजा, सहा वर्षांचा. घरात कोरडं खाणं सुरू केलं, कारण मुलगी शहरातून पाकिटं आणायची. पाणी तो आधीच कमी प्यायचा. मार्चमध्ये सारखा राखेच्या ढिगावर जाऊन बसायला लागला. बसे, जोर लावे, उठे, दुसरीकडे बसे. आम्हाला वाटलं, पोट साफ होत नाही. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथंही हात न लावता तेच सांगितलं आणि एरंडेल द्यायला सांगितलं. रात्री तो ओरडायला लागला, खालची जागा सारखी चाटत होता.

पहाटे गाडी करून अमरावतीला नेलं. लघवी अडली होती. लघवीचा फुगा लिंबाएवढा कडक झाला होता. नळी घालून काढली, रक्ताळलेली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागला नसता.

बोक्याची लघवीची वाट मांजरीपेक्षा बारीक असते, खडे-चिकटा तिथं अडकतो. राख ओली होते आहे का ते बघा. बोका बसतो आणि राख कोरडी, तर सकाळची वाट बघू नका. आता राजाच्या खाण्यात मी पाणी कालवतो, बिनामीठ-हळदीचं मटण शिजवलेलं पाणी थोडं देतो, आणि तीन ठिकाणी भांडी ठेवली आहेत. खाण्याच्या ताटलीजवळचं भांडं त्यानं कधीच वापरलं नाही. चिंचेखालचं रोज रिकामं होतं.

पूर्णाकाठ · १८ मे, रात्री १०.२०

खाण्याजवळचं पाणी काळूही पीत नाही. आम्ही भांडं दुसऱ्या खोलीत नेलं तेव्हापासून पितो.

जुनी बंडी · १९ मे, सकाळी ७.००

आमच्या म्हाताऱ्या मांजरीचं उलट आहे. चौदा वर्षांची. हल्ली दिवसभर पाण्यावरच. बरं आहे ना मग?

कासरा · १९ मे, सकाळी ७.२५

नाही बंडीभाऊ. म्हातारपणी एकदम तहान वाढली तर मूत्रपिंड थकल्याचं किंवा साखरेचं लक्षण असू शकतं. पाणी तोडू नका, तिला तेवढं लागतंय. पण रक्त-लघवी तपासून घ्या.

जुनी बंडी · २३ मे, दुपारी १२.१०

तपासलं. मूत्रपिंड. औषध सुरू केलं, खाणं बदललं. उशाशी तिचं पाणी ठेवतो, रात्री उठून भरतो. वाड्यात पहिल्यांदाच मांजरीसाठी भांडं आलं.

मोहफूल · २३ मे, दुपारी १२.४०

काकाजी, तिचं नाव काय?

जुनी बंडी · २३ मे, दुपारी १२.५५

माई.

खडू-फळा · २३ मे, रात्री ८.४५

धागा मूळ प्रश्नापासून लांब आला. बोरताईंना गवरी किती पिते ते हवं होतं. मोजता येईल. दोन सारखी भांडी घ्या, सारखं पाणी भरा. एक गवरीला, दुसरं शेजारीच पण डालग्याखाली झाकून, म्हणजे हवा लागेल, तोंड लागणार नाही. झाकलेल्यात जेवढं कमी होईल ते उन्हाचं. दोन्हींतला फरक गवरीचा.

धुऱ्यावरची बोर · २९ मे, रात्री १०.१५

सर, केलं.

कुंभाराकडून मातीची दोन परळं आणली, एकाच मापाची. नवी माती पाणी पिते म्हणून दोन्ही रात्रभर घंगाळात भिजवली. गवरीला मातीच्या अंगाचं पाणी आवडतं हे दिसत होतंच, स्टीलची वाटी मी उचलून टाकली. परळ रांजणाशेजारी ठेवलं, पण ठिबकणार नाही अशा बाजूला, नाहीतर हिशेब चुकला असता. शेजारी डालग्याखाली दुसरं. सकाळी सहाला दोन्हींत २५० मिलिलिटर, मुलाच्या औषधाच्या मापानं.

पहिल्या दिवशी तिनं फक्त परळाच्या बाहेरचा काठ चाटला. दोघींचा जीव टांगणीला, सासूबाई आणि मी ओसरीत बसून. संध्याकाळी दोन्हींत पाणी सारखंच. दुसऱ्या दिवशी दुपारी, लू सुटली होती, तिनं काठ चाटता चाटता जीभ आत नेली. थांबली. आमच्याकडे बघितलं. मग लप् लप् लप् असा आवाज सुरू झाला. सासूबाईंनी माझा हात धरला होता. साडेचार वर्षांत हा आवाज आमच्या ओसरीत पहिल्यांदा आला.

गेले तीन दिवस, नवतप्यातले, सकाळ ते सकाळ मोजलं. फरक ८५, ११०, १०५ मिलिलिटर. वजनासाठी तिला थैलीत घालून कापसाच्या काट्याला लावलं, तीन किलो शंभर ग्रॅम. दूध-भाकर आणि उंदीर धरून कासरा काकांचा हिशेब जुळतो असं वाटतं. रांजण ती अजूनही चाटते, झोपायच्या आधी, थोडा वेळ.

सासूबाईंनी आज स्वतः परळ घासलं.

वावरवाला · २९ मे, रात्री १०.३०

ताई, परळ कितीले भेटलं? मन्यासाठी एक अन् पोराच्या वाघासाठी एक, दोन लागतात.

धुऱ्यावरची बोर · २९ मे, रात्री १०.४२

तीस रुपयाला एक. कुंभारकाकांना सांगितलं मांजरीसाठी हवीत, त्यांनी दोनावर एक लहानसं तिसरं दिलं, पिल्लं झाली तर म्हणून.